लाभार्थ्याने टिलरसह हजर राहावे

नागूशेठांनी गोठ्याचं दार ढकललं आणि त्यांचा हात दारावरच राहिला. आत म्हैस होती, पेंढा होता, डिझेलचा वास होता. टिलर तेवढा नव्हता.

आणि दिवस कोणता, तर नेमका आजचा! कृषी खात्याच्या मॅडम आज टिलरचा फोटो काढायला येणार होत्या. सरकारने टिलरवर, म्हणजे चिखलणीच्या या दोन मुठींच्या यंत्रावर, अनुदान मंजूर केलं होतं खरं, पण टिलर शेतात आहे आणि चालतो आहे हे डोळ्यांनी पाहून, फोटो काढून, तो मोबाइलवरून वर चढवल्याशिवाय पैसे बँकेत पडत नाहीत. त्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती. ही बातमी नागूशेठांनी आदल्या दिवशी कडावच्या नाक्यावर चहाच्या टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना ऐकवली होती. "सरकार उद्या आपला फोटो काढाया येतंय," असं ते सांगत सुटले होते. त्यामुळे आज अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी आणि हातात टिलरला घालायचा झेंडूचा हार, असा सगळा जामानिमा होता.

टिलर यायच्या आधी गाव त्यांना नुसतं नागू म्हणत असे. टिलर आला, पेढे वाटले गेले आणि नागूचा नागूशेठ झाला. आळीतला पहिलाच टिलर. कोणीही येऊन "नागूशेठ, चिखलणीला टिलर मिळंल का?" असं विचारायचा अवकाश, की हे म्हणायचे, "ने की. आपलाच हाय!" भाडं नको, डिझेल टाकलं तर टाक, नाही तर राहू दे. फक्त 'नागूशेठचा टिलर' असं चार लोकांत म्हटलं म्हणजे झालं. लोक विसरू नयेत म्हणून त्यांनी पुढच्या पत्र्यावर पेंटरकडून लाल ऑइलपेंटने 'नागूशेठ ठोंबरे, कडाव' असं ठळक लिहूनही घेतलं होतं.

चालवण्याच्या बाबतीत मात्र ते जरा जपून असत. पहिल्याच दिवशी त्यांनी टिलर हातात घेतला, तेव्हा डावीकडची मूठ दाबायची का उजवीकडची, एवढा विचार होईपर्यंत टिलर उकिरड्यात जाऊन बसला. मागोमाग नागूशेठही बसले. त्या दिवसापासून त्यांच्या कमरेत जी चमक भरली होती ती अजून निघाली नव्हती. तेव्हापासून टिलर शुक्रा चालवतो, अशी त्यांची समजूत होती. शुक्रा वरच्या वाडीवरचा, पावसाळ्यात त्यांच्याकडे कामाला येणारा. समजूतच होती, कारण कोण चालवतं हे पाहायला नागूशेठ बांधावर कधी गेलेच नव्हते. कमरेमुळे.

"मोती! अगं ए, टिलर आज कोनाला दिलाय गं?" त्यांनी घरात तोंड घालून विचारलं.

उत्तर आलं नाही. भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवलेल्या होत्या आणि त्यांची बायको मोतीबाई सकाळीच कुठेतरी आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेलेली दिसत होती. त्यांनी तिला फोन लावला. फोन देव्हाऱ्यातून वाजला, कारण हरवू नये म्हणून मोतीबाई तो देवांच्या शेजारी ठेवून जात असे. तेव्हा कुठे नागूशेठांच्या लक्षात आलं, की आपण गावभर डांगोरा पिटला, पण घरात सांगायचंच राहिलं.

तोवर अंगणात माणसं जमायला लागली होती. सगळ्यात पुढे त्यांचा चुलतभाऊ योगेंद्र. त्यानेही टिलरसाठी अर्ज केला होता, पण सोडतीत नंबर लागला नागूशेठांचा आणि योगेंद्र राहिला त्यांच्या खालोखाल. नागूशेठांची मुदत हुकली की टिलरचं अनुदान योगेंद्रला, असा सरळ हिशेब होता. म्हणून तो इतका हसतमुख होता.

"काय नागूदादा, मांडव सजला. नवरदेव कुठं हाय?"

"कामावर गेलाय. घरात बसून खायाला नाय आणला मी टिलर."

"आमाला तर बाबा तुमच्या टिलरची गरज बी पडली नाय. मी काल कर्जतला गेलो व्हतो, रूपालीनं बाहेरनं डायवर बोलावून आमचं खाचर करून घेतलं. काय हात हाय त्याचा! लोण्यागत चिखल केलाय. तुमच्या शुक्राला दाखवा एकदा नेऊन."

नागूशेठ यावर काहीतरी झणझणीत बोलणार, एवढ्यात मॅडमची स्कूटर अंगणात शिरली. हर्षला मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण घाईत असलेल्या.

"नमस्कार काका. पटकन करू या, मला पुढे अजून गावं आहेत. लाभार्थी कोण?"

"मीच की!" नागूशेठांनी सदरा खाली ओढला आणि मान ताठ केली.

मॅडमनी मोबाइलमध्ये पाहिलं, मग नागूशेठांकडे पाहिलं, मग पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. "इथे तर मोतीबाई नागू ठोंबरे असं नाव आहे."

"हां, तेच ते. ती आमची मंडळी."

"मग त्यांना बोलवा."

"अवो मॅडम, नाव तिचं हाय, पन टिलर माझा हाय."

"काका, सरकारच्या दृष्टीने टिलर त्यांचाच आहे. फोटोत त्याच लागतील."

झालं होतं असं, की अर्ज भरला होता त्यांच्या मुलाने, नीलेशने, खोपोलीच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बसून. शेतकरी बाई असेल तर अनुदान जास्त मिळतं, आणि चोंढ्यातलं, म्हणजे खालच्या सखल भागातलं, खाचर रजिस्ट्रीला सूट मिळते म्हणून आईच्याच नावावर घेतलेलं. तेव्हा त्याने बापाला विचारलं होतं. "टाक की आईचं. नावात काय हाय?" असं नागूशेठ तेव्हा थोर मनाने म्हणाले होते. नावात काय असतं ते आता अंगणात सगळ्यांदेखत कळत होतं.

"बरं, तिला बोलावतो. ती उभी ऱ्हाईल, झालं?"

"नुसतं उभं राहून नाही चालणार. त्यांच्याच खाचरात, त्यांनीच टिलर चालवून दाखवायचा. फोटोत जागेची खूण आपोआप पडते, दुसऱ्याच्या शेतात काढला तर चालत नाही."

"मोती? टिलर चालवंल?" नागूशेठांना हसावं का रडावं कळेना. "अवो, तिनं जन्मात कधी सायकल नाय चालवली!"

"मग अर्ज रद्द होईल काका. आज संध्याकाळपर्यंत."

"आयत्या बिळावर नागोबा म्हंतात तो ह्योच का?" योगेंद्रने मोठ्याने विचारलं आणि अंगण खदखदून हसलं.

नागूशेठांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. टिलर गेला तर गेला, पैसे गेले तर गेले, असंही एक वेळ म्हणता आलं असतं. पण अनुदानाच्या भरवशावर उधारीत आणलेला आळीतला पहिला टिलर दुकानदाराला परत करून, पुढच्या महिन्यात योगेंद्रच्या टिलरचे पेढे खायचे, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

"चला मॅडम," ते म्हणाले, "टिलर आनि बाई, दोन्ही शोधून देतो."

मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून, एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने हार सांभाळत, नागूशेठ निघाले. पहिला मुक्काम आळीतल्या जनाच्या खाचरावर. तिथे बायका ओळीने वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावत होत्या.

"जना, टिलर कुठं गं?"

"गेला की वरल्या वाडीवर. सकाळी आमचं करून दिलं." जनाने चिखलाचा हात उंचावला. "पन नागूशेठ, काय काम झालंय वो! ढेकूळ औषधाला नाय. आवण हातातनं सुटायच्या आधी रुतून बसतंय."

"मग! टिलर कोनाचा हाय!" एवढ्या संकटातही नागूशेठांची छाती फुगली. "आनि शुक्रा?"

"शुक्रा बी वाडीवरच," जना म्हणाली आणि सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहत तोंडाला पदर लावला. आपण मॅडमच्या मागे स्कूटरवर बसलोय म्हणून हसतायत, असं समजून नागूशेठ टोपी सारखी करून पुन्हा सावरून बसले.

पुढे रस्ता संपला. स्कूटर लावून दोघं बांधावरून चालू लागली. दोन्ही बाजूंना चिखलणी होऊन नुकतंच आवण लागलेली खाचरं आरशासारखी सपाट पडली होती. नागूशेठ प्रत्येक खाचराकडे बोट दाखवून सांगत होते, "हे बी आपल्याच टिलरनं केलंय. हे बी."

"चालवणाऱ्याचा हात चांगला आहे," मॅडम म्हणाल्या.

"शुक्रा! मीच तयार केलाय त्याला," नागूशेठांनी ठोकून दिलं.

वाडीपाशी पोचले तर शुक्रा बांधावर निवांत बसून आवणाच्या जुड्या बांधत होता.

"शुक्रा! तू हितं, तर टिलर कोन चालवतंय रं?"

शुक्राने हनुवटी खाचराच्या दिशेला वर केली.

खाचरात टिलर धडधडत होता. मागे दोन्ही मुठी धरून, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेली मोतीबाई गुडघाभर चिखलातून चालत होती. बांध जवळ आला, तिने एक मूठ नुसती दाबली, आणि जो टिलर नागूशेठांना घेऊन उकिरड्यात गेला होता तोच मुकाट्याने वळला. कोपऱ्यातली वीतभर जमीनही सुटली नाही.

नागूशेठांना आधी धक्का बसला. मग राग आला. मग तो कोपरा दिसला, आणि राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही.

"अगं, तू?"

"थांबा वो, एवढी फेर मारून येते!" मोतीबाई ओरडली.

सरकार आणि नागूशेठ दोघंही बांधावर थांबले. फेर पुरी करून मोतीबाई कडेला आली. "ही कोन बाय?"

"काकी, मी कृषी खात्याची. आज तुमच्या टिलरची तपासणी आहे."

"आज? मला कोनी बोललं नाय." मोतीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा हाराची फुलं मोजल्यासारखं करत होता.

"पन तू शिकलीस कधी?" त्यांनी विषय बदलला.

"दुकानाचा मेस्त्री आला व्हता तवा. तो बिचारा समजावून सांगत व्हता आनि तुमी पेढे वाटत फिरत व्हता. ऐकाया मी एकटीच. मग तुमची कंबर धरली, आनि शुक्रा म्हनाला माजा बैलच बरा. टिलर गोठ्यात ठेवून काय त्याचं दूध काढायचं?"

"पुढचं पुढे बोला," मॅडम घड्याळ पाहत म्हणाल्या. "आधी टिलर तुमच्या खाचरात न्यायला हवा."

आता नवीनच पेच पडला. चिखलणीसाठी टिलरला लोखंडी चाकं लावलेली, ती डांबरी रस्त्यावर चालत नाहीत. रबरी चाकं घरी. टिलर वर आला होता तो खाचरा-खाचरांतून, पण आता त्याच खाचरांत जनाच्या बायकांनी आवण लावून टाकलं होतं. लावलेल्या भातातून टिलर घालायला त्या गावात कोणी तयार झालं नसतं, मोतीबाई तर मुळीच नाही. खाली जायला चिखलणी झालेलं पण लावणी न झालेलं एकच खाचर मोकळं होतं. योगेंद्रचं.

योगेंद्र आधीच मोटारसायकलवरून येऊन आपल्या बांधावर दोन पाय रोवून उभा होता. खाली नाक्यावरची माणसंही मागोमाग आली होती.

"माझ्या बांधाला चाक लावायचं नाय, वैनी."

"का वो भावजी?"

"बांध फुटतो. आनि सरकारी मुदतीचं म्हनाल, तर ती संध्याकाळपावतर हाय. जा की लांबनं, वळसा घालून."

मोतीबाईने टिलर जागेवरच धडधडत ठेवला. "काल तर फुटला नाय."

"काल?"

"काल ह्याच बांधावरनं आत आली मी. तुमी कर्जतला व्हता. भाड्याचा टिलर भेटंना, आवण पिवळं पडाया लागलं, म्हनून रूपालीनं बोलावलं मला."

योगेंद्रचं तोंड उघडं राहिलं. त्याची बायको रूपाली पलीकडून चहाची किटली घेऊन येत होती, तिने लांबूनच सांगितलं, "अवो, डायवर तीच व्हती. तुमीच सकाळपास्नं गावभर कवतिक सांगत फिरताय ना तिचं?"

आता अख्खा बांध हसला. योगेंद्रने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच खाचरातल्या लोण्यागत चिखलाकडे पाहिलं. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस होता. तो बाजूला झाला आणि हळूच म्हणाला, "वैनी, जरा डाव्या अंगानं काढा. तिथं बांध पक्का हाय."

टिलर चोंढ्यातल्या खाचरात पोचला तेव्हा दिवस कलायला लागला होता. हत्ती गेला, पण शेपूट राहिलंच होतं.

"इंजिनाचा नंबर कुठेय?" मॅडमनी पत्र्याभोवती फेरी मारली. "नंबराचा फोटो लागतो."

सगळे वाकून शोधायला लागले. नागूशेठ एकटेच वाकले नाहीत. नंबराची पट्टी कुठे होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठळक नाव लिहायला जागा कमी पडते, असं पेंटर म्हणाला होता, आणि "मार रं तिच्यावरनंच, नंबर कोन वाचतंय?" असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं.

त्यांनी डिझेलचा डबा पुढे ओढला, खिशातला पांढरा शुभ्र रुमाल त्यात बुडवला आणि घासायला बसले. रंग चांगल्या प्रतीचा होता, नागूशेठांनी पैशाकडे पाहिलं नव्हतं. रुमाल लाल झाला, मग सदऱ्याच्या बाह्या लाल झाल्या, मग टोपीही कामाला लागली. शेवटी 'नागूशेठ' पुसलं गेलं आणि खालून नंबर निघाला. 'ठोंबरे, कडाव' तेवढं शिल्लक राहिलं. ते तसं दोघांनाही लागू होतं, म्हणून राहू दिलं.

त्यांनी टिलरला हार घातला, तर मोतीबाईने तो लगेच काढून बांधावर ठेवला. "पट्ट्यात अडकंल वो." मग तिने हँडल मारलं, टिलर पहिल्या दणक्यात चालू झाला आणि ती खाचरात उतरली. पाऊस भुरभुरायला लागला होता. मॅडमनी मोबाइल समोर धरला.

"काका, जरा बाजूला. तुम्ही फोटोत येताय."

नागूशेठ बाजूला झाले.

"अजून थोडं. आणि ही माझी छत्री मोबाइलवर धरता का? पाणी पडतंय."

ज्या फोटोसाठी सदऱ्याला इस्त्री झाली होती, त्या फोटोवर नागूशेठांनी छत्री धरली. फोटो निघाला. मॅडमनी तिथेच उभं राहून तो वर चढवला, आणि थोडा वेळ मोबाइलमधलं ते गोल चक्र फिरत राहिलं. बांधावरची माणसं मोबाइलभोवती गोळा झाली. योगेंद्रसुद्धा मान लांब करून पाहत होता.

"गेला!" मॅडम म्हणाल्या. "झालं काकी, बंद करा."

"बंद?" मोतीबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "खाचर निम्मं टाकून वर येत नाय मी!"

आणि ती फिरत राहिली. खरं म्हणजे मॅडमला घाई होती, पण त्याही थांबल्या. रूपालीचा चहा हातोहात फिरला. नागूशेठ चहा घेऊन बांधाच्या कडेला उभे राहिले. गावात कुठे तेरवं असो की बारसं, चार माणसांत आपण उठून दिसावं म्हणून आयुष्यभर धडपडलेला हा माणूस, आज पहिल्यांदाच कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मोतीबाई शेवटच्या कोपऱ्याशी आली तसं त्यांना राहवेना.

"कोपरा बघा, कोपरा!" त्यांनी योगेंद्रचा दंड धरला. "अरं, बघ की! वळती कशी ते बघ!"

"बघतोय की दादा. काल माझ्यातबी असाच काढलाय," योगेंद्र म्हणाला.

संध्याकाळी घराकडे येताना नागूशेठ हार हातात घेऊन चालत होते. मग म्हणाले, "मोती, येवढं सगळं गावाला ठाव, मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी शिकवाया आला असता."

हे नागूशेठांनाही पटलं. कारण ते आले असतेच.

अनुदान यथावकाश मोतीबाईच्या खात्यात पडलं. पण त्याआधीच तिचं नाव कडावच्या बाहेर गेलं होतं. एका सकाळी खालापूरकडचा एक गृहस्थ पत्ता विचारत अंगणात आला. ओट्यावर नागूशेठ बसले होते.

"टिलरवाले ठोंबरे हेच ना? चिखलणीला टिलर पाहिजे होता."

"टिलर काय हो, कुठं बी भेटंल," नागूशेठ पाय हलवत म्हणाले. "डायवर भेटायची नाय. ह्या आठवड्यात तर बिलकूल नाय. पुढल्या आठवड्यात बघतो कसं बसवता येतंय ते. आनि भाडं पडंल, फुकटात येत नाय ती. डिझेल तुमचं. दुपारचं जेवान बी तुमचं, आनि त्यात सुकट पायजे."

गृहस्थाने सगळं कबूल केलं. एवढ्यात गोठ्यातून मोतीबाईची हाक आली.

"अवो, पाना आना जरा!"

नागूशेठ ताडकन उठले. कमरेतली चमक कुठल्या कुठे गेली होती. त्यांनी पेटीतून एक पाना उचलला, सदऱ्याला पुसला आणि पाहुण्याकडे पाहून मान डोलावली.

"बघितलंत? येवढं गाव हाय, पन पाना मागायचा तर माझ्याकडं मागती. दुसऱ्या कोनावर इस्वास नाय तिचा."

आणि ते छाती काढून गोठ्याकडे निघाले.

"ह्यो नाय वो," आतून आवाज आला, "त्याच्या शेजारचा!"